आडवा कागद, उभा कागद

अर्ज समोर आला की भरायचा, एवढाच आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा छापील नमुन्याशी संबंध. तो कोणी, कसा आखला हे आपण पाहत नाही. परंतु भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कागद सोबत असल्याशिवाय साधा नटबोल्टही कारखान्याच्या फाटकातून सुटत नाही. भोसरीच्या एका लहान छापखान्यात मी दोन सुट्या काम केले. तेथे पाहिलेले थोडे सांगतो.

कागद उभा की आडवा, हा शोभेचा प्रश्न नव्हे. नोंदी कोणत्या दिशेने वाढतात, यावर तो ठरतो. यंत्राजवळ टांगलेल्या जॉबकार्डावर एकाखाली एक क्रिया येतात, म्हणून ते उभे. तपासणी-पत्रकाचे तसे नाही. एकाच मापाची दहा नगांवरची दहा वाचने शेजारी शेजारी लिहावी लागतात. ए-फोर कागद २१० मि.मी. रुंद व २९७ मि.मी. उंच. डावीकडे फाईलसाठी २५ आणि उजवीकडे १० मि.मी. समास सोडला, तर उभ्या कागदावर १७५ मि.मी. उरतात. हाताने आकडा लिहायला रकाना १८ मि.मी. तरी हवा, दहा रकान्यांचे १८० झाले. म्हणजे मापाचे नाव लिहिण्याआधीच कागद संपला! आडव्या कागदावर दोन्ही बाजूंना दहा-दहा सोडूनही २७७ मि.मी. मिळतात.

पण कागद आडवा केला की समासही फिरतो, आणि नेमके हेच विसरले जाते. उभ्या फाईलमध्ये आडव्या पत्रकाचा माथा शिवणीकडे जातो. फाईल उजवीकडे फिरवून ते वाचायचे. पंचिंगची छिद्रे कडेपासून १२ मि.मी. आत आणि एकमेकांपासून ८० मि.मी. अंतरावर पडतात. तेव्हा २५ मि.मी.चा समास आता माथ्याला हवा. एका कारखान्याच्या पत्रकात तो डावीकडेच ठेवला होता आणि बॅच क्रमांकाचा चौकोन माथ्याला, कडेलगत होता. छिद्राने त्यातला एक आकडा खाल्ला. माल कोणत्या बॅचचा हे सिद्ध होईना, आणि माल पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपचे बिल महिनोन्‌महिने अडकले. चूक आखणाऱ्याची, भुर्दंड भरणाऱ्याला!

छपाईयंत्राचीही स्वतःची सीमा असते. ऑफसेट यंत्र ज्या कडेने कागद पकडते, तेथे सुमारे सेंटिमीटरभर काही छापता येत नाही. अगदी कडेपर्यंत चौकट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावताना आमच्या मालकांचा घसा बसे.

इंग्रजी नमुन्याचे मराठी करतानाही आखणीकडे दुर्लक्ष होते. ओळींमधले अंतर तेच ठेवतात. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. एका चौकोनात एक अक्षर ही पद्धत तर आपल्या लिपीला मुळीच सोसत नाही. ‘ज्ञानेश्वर’ किती चौकोनांत लिहावे, हे कंत्राटी कामगाराने कोणाला विचारायचे?

उभ्या-आडव्याची ओढाताण पाहायची, तर सातबारा हातात घ्यावा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे खरे तर दोन वेगळे नमुने. ते एका कागदावर आणले म्हणून ‘सातबारा’. सातमध्ये खातेदारांची नावे एकाखाली एक येतात. वारस लागले की तो खाली वाढतो. बारामध्ये हंगाम, पीक, जलसिंचित व अजलसिंचित क्षेत्र, लागवडीस उपलब्ध नसलेली जमीन, शेरा असे रकाने आडवे पसरतात. एका पानावर दोघांना बसवायचे म्हणून पिकांचे रकाने चिंचोळे झाले. २०२० साली उताऱ्याचे स्वरूप बदलले, तेव्हा बिनशेती जमिनीला नमुना बाराची आवश्यकता नाही, अशी सूचना उताऱ्यावरच छापली जाऊ लागली. चाकणकडच्या बिनशेती झालेल्या जमिनीच्या उताऱ्यावर आता पिकांचे आडवे रकाने नाहीत. नावांचा उभा भाग तेवढा उरला आहे.