गमला केवढा घ्यावा? (घरची हिरवळ : भाग 7)

मागच्या आठवड्यात मातीचं मिश्रण पाहिलं. आज ती माती भरायच्या भांड्याबद्दल. नर्सरीत झाड घेताना “थोडा मोठाच गमला द्या, सारखी बदलायची कटकट नको” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. लेकराचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, तसा हा हिशेब. झाडाला मात्र तो मानवत नाही.

गमला इंचावर विकतात आणि तो इंच तोंडाचा असतो. 6 इंचीवरून 8 इंचीवर गेलो की दोनच इंच वाढले असं वाटतं. पण रुंदीबरोबर खोलीही वाढते, त्यामुळे आत मावणारी माती जवळपास 2.4 पट होते. 6 वरून थेट 12 वर उडी मारली तर 8 पट. 6 इंची गमल्यातून काढलेल्या मनी प्लांटची मुळं आपल्याभोवतीच्या मातीतलंच पाणी ओढणार. उरलेल्या 7 हिश्श्यांतल्या पाण्याला कोणी वालीच नसतो. ते साचून राहतं, मातीतली हवा हटते, मुळं गुदमरून कुजतात. वर पानं पिवळी पडून माना टाकतात आणि आपण पाणी कमी पडलं समजून आणखी ओततो. बाजारातून चांगली ठणठणीत आलेली कितीतरी झाडं अशीच गेली आहेत.

म्हणून एका वेळी एकच पायरी चढा. 6 इंचीनंतर 8, 8 नंतर 10.

याचा अर्थ लहान गमला चांगला, असा मात्र काढू नका. जर्मनीतल्या युलिश इथल्या संशोधकांनी 2012 मध्ये कुंडीच्या आकारावरचे जगभरातले प्रयोग एकत्र करून पाहिले. कुंडीतली माती दुप्पट केली की झाडाची वाढ सरासरी 43 टक्क्यांनी जास्त होते, असं त्यातून निघालं. अडलेलं झाड खुंटतंच. प्रश्न असतो तो वेळ कधी आली हे ओळखण्याचा.

ते झाडाच्या उंचीवरून ओळखू नका, माती किती दिवसांत वाळते यावरून ओळखा. पावसाळ्यानंतरच्या बेताच्या हवेत, सावलीतला गमला सकाळी भरपूर पाणी घालूनही दुसऱ्या दिवशी कोरडाठाक होत असेल, तर आत मातीपेक्षा मुळंच जास्त झाली आहेत. उलट, घरात ठेवलेल्या गमल्यात बोट दोन पेरं खुपसल्यावर आठवडा झाला तरी ओल लागत असेल आणि भोवती बारीक चिलटं उडत असतील, तर गमला झाडाला मोठा पडतोय किंवा माती जड आहे.

खात्री करायची तर झाड बाहेर काढूनच पाहा. आदल्या दिवशी पाणी द्या. बुंधा दोन बोटांच्या बेचक्यात धरून तळवा मातीवर टेकवा, गमला उलटा करा आणि काठ ओट्यावर हलकेच आपटा. मुळांचा गोळा अख्खा हातात येईल. बाहेरून माती दिसतेय आणि मधूनमधून पांढरी मुळं डोकावताहेत, तर तसाच परत ठेवा. अजून वर्ष निघेल. माती जवळपास दिसतच नाही, मुळांनी गोल गोल फेरे घेऊन तळाशी चुंबळ केली आहे, तर वेळ झाली. अशा गोळ्याला धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभे चिरे द्या, तळाची चुंबळ कापून टाका, मग वरच्या मापात बसवा. न कापता लावलं तर नव्या मातीतही मुळं तोच फेरा धरून राहतात. वरूड-मोर्शीकडचा जाणता संत्रा बागायतदार थैलीत फार दिवस राहिलेली कलम घेताना म्हणूनच कचरतो.

आता आपल्या वऱ्हाडाचं. इथली काळी माती स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीची. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात त्याने भेगा पडतात. गमल्यात भेग पडते ती कडेने, माती आणि भिंत यांच्या मधोमध. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, ताटलीत साचतं, आपल्याला वाटतं झाड प्यायलं, आणि मधला गोळा कोरडाच. हे पाहून गमला लहान पडतोय असं ठरवू नका. तो बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा बोट घालून पाहा. नुसती काळी माती भरलेल्या मोठ्या गमल्यात ओलीचा त्रास आणखी वाढतो, कारण मधला भाग वाळायलाच तयार नसतो.

जागेचंही तसंच आहे. अकोल्यात, अमरावतीत एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो. त्या दिवसांत एकाच घरात दोन हवा नांदतात. कूलर चालू असलेल्या खोलीत दमट गारवा असतो, तिथे माती सावकाश वाळते. तिथल्या झाडाला बेताचाच गमला हवा. गच्चीवर मात्र लहान काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती दुपारी हाताला चटका देते. तिथे मोगरा-जास्वंदाला एक माप जास्त दिलं तर वाया जात नाही, कारण माती जास्त असली की ती उशिरा तापते. लहान कुंडी उचलून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी, मधली जागा वाळूने भरून ती ओली राखावी. मातीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं आणि मुळं गार राहतात. हा उपाय मला सगळ्यांत जास्त आवडतो. त्याला खर्च नाही आणि मेच्या अखेरीस त्याचं मोल कळतं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडे, बोअरच्या पाण्याची बाब वेगळीच आहे. पाणी उडून जातं, क्षार मातीत राहतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो हाच. दाटलेल्या मुळांना रोज दोनदा थोडं थोडं पाणी दिलं की हा थर लवकर साचतो. अशा ठिकाणी तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत पाणी द्यावं, पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर भिजू द्याव्या आणि माप तेच ठेवलं तरी वर्षाआड माती बदलावी. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर कधीच घालू नये. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

तळाशी विटांचे तुकडे भरायची रीत घरोघरी आहे. छिद्रावर एक खापरी पुरे. खड्यांचा थर दिला की पाणी त्याच्या वर अडून राहतं आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. आहे ती खोलीही वाया जाते.

सगळ्या झाडांना एकच नियम लावू नका. सर्पपर्णी आणि पीस लिली दाटीवाटीत खुशाल राहतात. सर्पपर्णीने प्लास्टिकची कुंडी फाडली तरी घाबरायचं कारण नाही, तेव्हा बदला. कोरफडीला उथळ आणि पसरट, कढीपत्त्याला खोल.

बदलायचा मुहूर्त मृगाचा पाऊस पडून हवा थंडावल्यावरचा, जुलै-ऑगस्ट. मेमध्ये कोणी कितीही म्हटलं तरी मुळं कापू नका.

12 इंचीनंतर वजनाचा विचार करावा लागतो. ओल्या मातीसकट असा एक गमला 20-25 किलोपर्यंत जातो. गच्चीवर ते गमले मधोमध न मांडता भिंतीच्या, तुळयांच्या वर ठेवावेत. याहून मोठं माप नको असेल, तर दर दोन-तीन वर्षांनी झाड काढून बाहेरची एक चतुर्थांश मुळं छाटावी, फांद्याही त्या बेताने कमी कराव्या आणि नवी माती घालून त्याच गमल्यात परत लावावं. ही छाटणी कशी करायची ते पुढच्या भागात, जास्वंद समोर ठेवून पाहू.