रॅप्टरचा कारखाना पुन्हा उघडावा काय?

मूळ संकल्प ७५० विमानांचा असताना, संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००९ साली एफ-२२ रॅप्टरची संख्या १८७ वरच रोखली आणि २०१२ मध्ये मॅरिएटा येथून अखेरचे विमान अमेरिकी हवाई दलाच्या स्वाधीन होताच, त्याचे साचे व अवजारे पोलादी कंटेनरांत बंद करून कॅलिफोर्नियातील लष्करी कोठारात रवाना करण्यात आली.

पुढे प्रतिनिधिगृहाच्या मागणीवरून २०१७ मध्ये सादर झालेल्या अहवालात, आणखी १९४ विमानांस सुमारे ५० अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज वर्तविला गेला. कारण साचे शाबूत असले, तरी पुरवठादार पांगले होते, निष्णात कारागीर अन्यत्र रुजू झाले होते.

आफ्टरबर्नरविना ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या या विमानावर माझे निस्सीम प्रेम आहे. तरीही ते उत्पादन अकाली आटोपणे जितके अदूरदर्शी होते, तितकेच आज ते पुन्हा आरंभिणे मला अव्यवहार्य वाटते.