आजीचं लुगडं, भेंडीचा ठसा

मॉलमधली रेडीमेड वॉल-हँगिंग्ज बघून कंटाळा आलाय? मग या वीकेंडला घरातली जुन्या कपड्यांची ट्रंक उघडा!

शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतोय? भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, कागदावर दाबायची. झालं फूल तयार! तोच उद्योग मी सध्या कापडावर करतेय. ठसे मारलेले तुकडे, जुन्या साड्यांची ठिगळं आणि वर हातशिलाई. आर्टवाली मंडळी याला फॅब्रिक कोलाज म्हणतात. आमच्या चाकूरला असल्या जोडकामाचं जुनं नाव आहे, वाकळ.

चाकूर म्हणजे लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मराठवाड्यात वाकळी घरीच शिवल्या जायच्या. आत विरलेल्या धोतर-लुगड्यांचे थर, वर रंगीत तुकडे. कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. आता ब्लँकेटं आली, साड्याही सिंथेटिक झाल्या. त्या घाम शोषत नाहीत आणि शिवताना घसरतात. मग वाकळ शिवणार कशाची?

आजी गेल्यावर तिची दोन इरकली लुगडी डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेली. मी कात्री काढली तशी आई म्हणाली, "काय करायलीस गं? तेवढीच आठवण हाय तिची." मी तिला घडीवर पडलेली चीर दाखवली. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं कापड तिथेच विरतं. शिवाय आजोबांची धोतरं आजीनंच वाकळीत घातली होती आणि त्याच वाकळीवर मी लहानपणी झोपले. शेवटी तह झाला, एक लुगडं ठेवायचं, एक कापायचं. पहिली कात्री आईनंच चालवली. मग सुई हातात घेऊन कोपरा कसा वळवायचा तेही दाखवलं. तिला हे येतं, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं!

ठसा असा करा

खोडरबर सगळ्यात सोयीचा. पेन्सिलीनं चित्र काढा आणि जो भाग कोरा हवा तो कटरनं उकरून टाका. मी तुरीची शेंग कोरली, लातूरकर आहे ना! अक्षरं मात्र उलटी कोरायची, तरच सुलटी उमटतात. बटाटा कापल्यावर त्याचं पाणी टिपून घ्या, नाहीतर रंग पसरतो. तो दिवसभरच टिकतो. कापड सुती घ्या. नवं असेल तर धुऊन खळ काढा. फॅब्रिक कलर स्पंजवर पातळ पसरा आणि ठसा त्यावर हलकेच टेका, बुडवू नका. २४ तास सुकवून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली की रंग पक्का.

हा फंडा काही आजचा नाही बरं का. गुजरातमधल्या पेथापूरचे कारागीर सागवानी लाकडात ठसे कोरतात. मध्ययुगात गुजरातचं ठशांचं सुती कापड पार इजिप्तपर्यंत जायचं. तिथल्या फुस्तातला उत्खननात त्याचे तुकडे सापडले आहेत.

मग जोडकाम

दोन बाय तीन फुटांची जुनी चादर खाली घ्या. तुकडे मांडा, हलवा, मोबाइलवर फोटो काढून बघा. पसंत पडलं की टाचण्या लावा, कडा आत दुमडा आणि धावदोरा घाला. मी इरकलीचा लाल पदर मधोमध घेतलाय आणि भोवती शेंगांचे ठसे. टाके थोडे वाकडे आले तर येऊ देत, हाताचं काम आहे! सुई हातात असली की मोबाइल आपोआप बाजूला राहतो, हा बोनस.

एक मात्र करा. कात्री लावण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा की हे कुणाचं, कधी घेतलेलं, कुठल्या लग्नात नेसलेलं. ते नाव मागच्या बाजूला दोऱ्यानं लिहून ठेवा. आणि त्यांना टाका येत असेल तर फोनवर विचारत बसू नका. सुट्टी काढून गावी जा, शेजारी बसून शिका.