पावसाळ्याची बेगमी

वैशाख सरत आला, की उत्तर कोकणातील घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू होते. वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावी पुढचे चार महिने भातशेतीचे. हाताला उसंत नसते, भाजी महागते आणि जून-जुलैमध्ये समुद्रातील यांत्रिक मासेमारीही बंद असते. म्हणून सुकट, सुके बोंबील, पापड, सांडगे व आमसुले स्वस्ताईच्या दिवसांतच डब्यांत भरून ठेवतात.

हे पदार्थ टिकतात कसे? अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना वाढीसाठी पाणी लागते. ऊन ते पाणी काढून घेते. मीठ उरलेले पाणी त्यांना मिळू देत नाही. फ्रीजर हेच कार्य थंडीने साधतो. उणे 18 अंश सेल्सिअस तापमानात जंतूंची वाढ थांबते. मात्र सारेच जंतू मरत नाहीत. म्हणून हिवाळ्यात स्वस्त मिळणारे मटार त्यात अवश्य साठवावेत. परंतु बाहेर काढल्यावर ते लगेच शिजवावेत.

साधन उन्हाचे असो वा विजेचे, मर्म एकच : स्वस्त असेल तेव्हा घ्यावे व घेतलेले नासू देऊ नये. वैशाखातील दोन दिवसांच्या श्रमांनी आषाढातील ताट भरते. वाळवणावरचे कावळे हाकलणारी मुलेही या बचतीची वाटेकरी असतात.