पेटंट आणि झांकली मूठ

छत्रपती संभाजीनगरांतील पाणचक्की पाहणाऱ्याचें लक्ष कोसळणाऱ्या धारेकडे व फिरणाऱ्या जात्याकडे जातें. परंतु दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी तेथवर आणण्याचें काम जमिनीखालच्या मातीच्या नळांचें. ते तुंबले कीं जातें थांबलेंच. संगणकांत असेंच अदृश्य काम ‘ड्रायव्हर’ नांवाची आज्ञावली करते. संगणकाच्या आज्ञा प्रिंटरपर्यंत, किंवा पडद्यावर चित्रें उमटविणाऱ्या चिपपर्यंत, तीच पोंचविते.

पुष्कळ कंपन्या उपकरण विकतात. पण ड्रायव्हरची मूळ संहिता, म्हणजे माणसास वाचतां येईल असा तिचा मजकूर, कोणास दाखवीत नाहींत. व्यापारी गुपित हें त्याचें एक कारण. दुसरें कारण पेटंटाचें. अमेरिकेंत संगणकीय युक्त्यांवर हजारों पेटंटें दिलीं गेलीं आहेत. आपल्या संहितेंतील एखादी युक्ति त्यांपैकीं कोणांत बसते, हें कंपनीसहि खात्रीनें सांगतां येत नाहीं. संहिता उघड केली, तर प्रतिपक्षाच्या वकिलास पुरावा घरबसल्या मिळतो. म्हणून झांकली मूठ सव्वा लाखाची, हेंच धोरण सोयीचें ठरतें.

यांतील विसंगति मोठी आहे. ‘पेटंट’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘उघडें’ असा. शोध जगापुढें मांडावा आणि मोबदल्यांत वीस वर्षांची मक्तेदारी घ्यावी, असा हा करार. ज्ञान उघडें व्हावें म्हणून केलेला कायदा येथें तें झांकावयास लावतो.

खेळांतील चित्रांचे पोत थोड्या जागेंत मावविण्याची ‘एस थ्री टी सी’ ही पद्धति पहा. तिच्यावरील अमेरिकन पेटंटामुळें, लिनक्सवर चालणाऱ्या ‘मेसा’ या खुल्या ड्रायव्हर-संचांत ती समाविष्ट करतां येत नसे. वेगळी जोडावी लागे. २०१७ सालीं पेटंटाची मुदत संपली, आणि ती मेसांत दाखल झाली.

भारतांत १९७० च्या पेटंट कायद्याचें कलम ३ (के) निव्वळ संगणक-आज्ञावलीस पेटंट नाकारतें. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमानें ही बंदी सैल केली होती. २००५ सालीं संसदेनें ती सैलाई मान्य केली नाहीं. परंतु जगभर विकावयाच्या मालास परदेशचे कायदेहि लागू पडतात. त्यामुळें भारतांतील ग्राहकाच्या हातींहि बहुधा बंद ड्रायव्हरच येतो.

कंपनीनें जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर सुधारणें सोडलें, कीं धडधाकट यंत्र माळ्यावर जातें. संहिता उघडी असती, तर शहरांतील एखादा विद्यार्थीहि ती दुरुस्त करूं शकला असता. नळ कोठून गेला हें ठाऊक असेल, तरच तुंबलेला भाग खणून मोकळा करतां येतो.