फोटो शेतात चांगला, संगणकात नासका



उसावर तांबेरा दिसला, हुमणीने बेट वाळले किंवा पुराचे पाणी शेंड्यावरून गेले, की आता सभासद चिटबॉयची वाट न बघता स्वतःच फोटो काढतो. ही प्रथा चांगली पडली आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगा काठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरताना पोंग्यात गाळ भरलेला ऊस जसा दिसतो, तसा तो पुढे दिसत नाही. असला फोटो गेला तर पुन्हा काढायचा कुठून?

आणि नेमका हाच फोटो संगणकावर घेतला की कधी अर्धा करडा निघतो, कधी रंग विस्कटतात, कधी उघडतच नाही. मग "कॉम्प्युटरने फोटो खाल्ला" म्हणून आपण मोकळे होतो. तसे लगेच सोडून देऊ नये. पुष्कळदा मूळ फोटो शाबूत असतो, नासलेली असते ती नक्कल. म्हणून मोबाईलमधला किंवा कार्डावरचा मूळ फोटो घाईने पुसू नका.

आधी मूळ फोटो मोबाईलवर किंवा कॅमेऱ्यावर उघडून मोठा करून पाहावा. तो स्वच्छ असेल तर दोन्हीकडच्या फाईलचे वजन ताडून बघा. मोबाईलमध्ये चार एमबी आणि संगणकात दीड एमबी, म्हणजे शेतातून भरलेली ट्रॉली काट्यावर कमी भरली. ऊस वाटेत सांडला! केबल सैल असणे, कार्ड मध्येच ओढून काढणे, वीज जाणे ही नेहमीची कारणे. केबल किंवा कार्ड रीडर बदलून, संगणकाच्या दुसऱ्या खाचेत लावून पुन्हा नक्कल घ्यावी. वजन सारखे भरले तरी फोटो फाटका दिसत असेल, तर दुसऱ्या संगणकावर करून बघावे.

अर्धाच फोटो करडा का होतो? जेपीईजी जातीचा फोटो संगणक साधारणपणे वरून खाली उलगडत जातो. मध्ये एके ठिकाणी माहिती तुटली की तिथून खालचे सगळे बिघडते. दुसरी गंमत अशी, की यादीत छोटे चित्र स्वच्छ दिसते आणि मोठे उघडत नाही. बहुतेक कॅमेरे त्याच फाईलीत एक छोटे चित्र वेगळे ठेवतात, ते वाचलेले असते. तेव्हा "यादीत दिसतोय की!" यावर विसंबू नये.

प्रत्येक न उघडणारा फोटो नासलेलाच असतो असेही नाही. २०१७ पासून आयफोनमध्ये एचईआयसी नावाची नवी जात आली. जुन्या संगणकाला ती वाचता येत नाही. काही हुशार पोरे फाईलच्या नावाचे शेपूट बदलून जेपीजी करतात. पोत्यावरचे नाव बदलल्याने युरियाचा डीएपी होत नाही! फाईल रीतसर रूपांतरित करावी लागते. पुढच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे.

आता अवघड प्रकार. कार्ड लावताच संगणक विचारतो, "फॉरमॅट करायचे का?" तिथे 'नाही' म्हणावे. त्या कार्डावर नवा फोटो काढू नये, काहीही साठवू नये. कार्डावरची नोंद बिघडली किंवा पुसली गेली, तरी फोटो बहुधा आपल्या जागी असतो. सात-बाऱ्यावरची नोंद चुकली म्हणून रानातला ऊस लगेच नाहीसा होत नाही, तसेच हे. मात्र त्या जागेवर नवे काही लिहिले गेले, की जुने संपले. 'फोटोरेक' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम नोंदीकडे न बघता कार्डावरचे फोटो हुडकून काढतो. मिळालेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता संगणकाच्या डिस्कवर घ्यावेत. सगळे मिळतीलच असे नाही, आणि फाईलींची नावे हरवलेली असतात. फोटो 'दुरुस्त' करून देतो म्हणणारेही पुष्कळ भेटतील. पण जी माहिती फाईलीत उरलीच नाही, ती कोणी आणणार कुठून? पैसे मोजण्याआधी हे विचारावे.

बाजारात खोट्या मापाची कार्डेही खपतात. वर मोठा आकडा, आत जागा थोडीच. खरी जागा भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते, पुढचे फोटो मात्र नुसते नावाला राहतात. नवे कार्ड रिकामे असतानाच 'एचटूटेस्टडब्ल्यू' या प्रोग्रामने त्याचे माप तपासता येते.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, मग तांबेऱ्याचे ठिपके आणि पानावरची धूळ यातला फरक आम्हालाही सांगता येत नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी येते. गट ऑफिसला येणार असाल तर मोबाईल किंवा कार्ड बरोबरच आणा. नक्कल घेतल्यावर 'इजेक्ट' करूनच कार्ड काढा, आणि संगणकावर एकेक फोटो मोठा करून बघेपर्यंत मूळ तसाच राहू द्या.

— ऊस विकास अधिकारी