पळणारी गाडी, पोरीच्या नावावर

‘पोरीले गाडी पाहिजे तं साधी घ्या नं बाप्पा, एवढी पळणारी कायले?’ गेल्या वर्षी आमच्या चिमुरात हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला, की शेवटी मीच त्याचं उत्तर शोधायला बसले.

माझी लेक २३ वर्षांची. नोकरी वरोऱ्याला. जाऊन-येऊन रोजचे शंभरेक किलोमीटर. दोन वर्षं एसटीनं ये-जा करून तिनं पैसे साठवले, थोडं कर्ज धरलं आणि पाच लाखांचं बजेट ठरवलं. मागणी काय, तर ‘आई, मला हॉट हॅचबॅक हवी. सेकंडहँड चालेल.’ मला आधी वाटलं, हा काही खायचा पदार्थ आहे की काय! मग तिनं समजावलं. छोटी, पाच दारांची घरगुती गाडीच, पण इंजिन दमदार. परदेशात १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयनं हा प्रकार लोकप्रिय केला. आपल्याकडे २००१ मध्ये फियाट पॅलिओचं १.६ लिटर इंजिनाचं मॉडेल आलं. सचिन तेंडुलकर जाहिरात करायचा, तीच ती गाडी.

आता पळणारी कशाला? मैत्रिणींनो, दोनपदरी रस्त्यावर पुढे मालानं भरलेला ट्रक असला, की खरी भीती ओव्हरटेक करताना वाटते. गाडीला पिकअप नसेल, तर समोरच्या लेनमध्ये आपण जास्त वेळ अडकतो. दमदार इंजिन तो वेळ कमी करतं. हे लेकीचं म्हणणं मला पटलं. पण तिला मी एक अट घातली. इंजिनाइतकेच ब्रेक, टायर आणि एअरबॅग बघायच्या. त्यात कमी असेल तर गाडी कितीही आवडो, घ्यायची नाही.

मग सुरू झाला शोध. या प्रकारातल्या बऱ्याच गाड्या आता नव्या मिळत नाहीत. बलेनो आरएस २०१७ मध्ये आली आणि २०२० मध्ये बंद झाली. टियागो जेटीपी २०१८ मध्ये आली, तीही २०२० मध्ये संपली. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये थांबली. गाडी बंद झाली म्हणजे वाईट असं नाही. पण खास मॉडेलचा एखादा पार्ट लागला तर तो कुठून आणि किती दिवसांत येईल, हे आधीच विचारायला हवं. पुण्या-मुंबईच्या माणसाला दुसरं गॅरेज सापडतं. आम्हाला नागपूर काय, चंद्रपूर काय, दोन्हीकडे शंभरेक किलोमीटर जावं लागतं. म्हणून गाडी पाहायच्या आधी तिनं सर्व्हिस सेंटरला फोन करून क्लचप्लेट, टर्बो आणि गिअरबॉक्सच्या खर्चाचे आकडे वहीत लिहून घेतले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा आकडा ऐकून ‘मॅन्युअलच बरी’ हे तिनंच ठरवलं.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या धडकवून चाचणी घेते. २०१४ मध्ये तिनं पोलोची चाचणी घेतली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या गाडीला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगवालीला चार. नाव तेच, दिसणं तेच! म्हणून जुनी गाडी घेताना मॉडेलचं नाव ऐकून थांबू नका. नेमकी कोणत्या साली बनलेली आणि त्यात काय काय आहे, ते बघा. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग, एबीएस आणि ८० च्या वर गेल्यावर वाजणारी सूचना सक्तीची आहे. आमची सीमारेषा तीच ठरली.

नागपुरात पाहिलेली पहिली गाडी दिसायला नवरीसारखी सजलेली. मोठा सायलेन्सर, रुंद चाकं आणि ‘इंजिनाची ताकद वाढवून घेतलीय’ हे मालकाचं कौतुकाचं वाक्य. लेकीचे डोळे चमकले. पण कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याची मनाई आहे, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच स्पष्ट केलं. उद्या अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात वाद नको. शिवाय ताकद वाढवलेलं इंजिन किती ताणून वापरलं असेल, ते कोण सांगणार? नमस्कार करून आम्ही निघालो.

पुढच्या गाड्यांसाठी आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेलं. त्याचा दिवसाचा खर्च द्या, पण न्याच. त्यानं शिकवलेलं तुम्हालाही सांगते. गाडी थंड असतानाच सुरू करून बघायची. आपण पोचायच्या आधीच बोनेट गरम असेल तर कारण विचारायचं. मागून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. टर्बो गाडीत ऑइल वेळेवर बदललंय का, हे सर्व्हिसच्या नोंदींत तपासायचं आणि तिथलेच किलोमीटर मीटरशी ताडून पाहायचे. मीटर फिरवता येतो, पण जुन्या नोंदी बोलतात. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर संशय घ्या. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल तिथे सापडतो. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरचं वय असं वाचता येतं, हे मला पन्नाशीत कळलं.

शेवटी पसंत पडली २०२१ ची टाटा अल्ट्रोझ, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. ११० पीएसचं इंजिन. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत अल्ट्रोझला पाच तारे मिळाले होते. नागपूरच्या एका शिक्षिकेची, एकहाती वापरलेली. पाच लाखांतले चाळीस हजार आम्ही आधीच बाजूला ठेवले होते. त्यात दोन टायर, ब्रेक पॅड, ऑइल आणि विमा निघाला. हा पैसा हाताशी ठेवल्याशिवाय सेकंडहँड गाडी घेऊच नये.

विम्याचं एक ऐकून बरं वाटलं. ब्रिटनमध्ये तरुण ड्रायव्हरला विमा फार महाग पडतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर वयावर नाही, इंजिनाच्या सीसीवर आहे. २०२२ मध्ये ठरलेले दर असे. १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये. मात्र जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, आणि विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो.

आणि आता नावाची गोष्ट. घरात एक सूचना आलीच, ‘गाडी भावाच्या नावावर करा, पोरगी तं उद्या सासरी जाईन.’ मी म्हटलं, हप्ता तिच्या पगारातून, तर नाव तिचंच. त्यात फक्त हक्क नाही, जबाबदारीही आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईला तोच बांधील. म्हणून आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं बाकी आहेत का, हे पाहूनच इसार द्या. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरलेले असू द्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हाती सोडू नका. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीचं आधी विचारून घ्या.

राहिला वेग. ताडोब्याचं कोलारा गेट आमच्याच तालुक्यात, त्यामुळे रस्त्यावर चितळ, रानडुक्कर कधी येईल सांगता येत नाही. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढं अंतर संपतं. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की मागे दुसरं असतंच. त्यामुळे अंधार पडला की साठच्या वर जायचं नाही, हा लेकीनं स्वतःच केलेला नियम. पहिले दोन महिने मी शेजारी बसून पाहिलं, ती तो पाळते. गाडी कितीही पळणारी असो, ती कधी पळवायची हे कळणाऱ्या पोरीच्या हातात चावी द्यायला घाबरू नका.